मशागत आणि राखण
किनाऱ्यावर राहणाऱ्या मंडळीसाठी एक अभ्यासपाठ

पाठापूर्वी वाचावे : उत्पत्ती २:४-१५, ४:१-१२, २६:१२-२२, यहेज्केल ३४:१-१९, यिर्मया ५:२२.



पर्यावरण हा विषय आपल्या मंडळ्यांतून बहुधा जून महिन्यात एखाद्या रविवारी येतो. त्या दिवशी झाडे लावली जातात, छायाचित्र काढले जाते आणि विषय पुढील जूनपर्यंत मिटतो. असे का होते, याचा विचार केला पाहिजे. सृष्टीची काळजी हा आपल्या विश्वासाला बाहेरून जोडलेला, काळाने आणलेला विषय आहे, असे आपण मनोमन धरून चालतो. पवित्र शास्त्र मात्र तो पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात मांडते, आणि चौथ्या अध्यायात त्याच विषयावर मनुष्याला जाब विचारते. त्या दोन अध्यायांतील दोन क्रियापदे घेऊन हा पाठ आपण करू, आणि त्यांचा अर्थ एका खऱ्या किनाऱ्यावर, म्हणजे वसईच्या किनाऱ्यावर, तपासून पाहू. आपण इंदूरला असा, बडोद्याला असा, बेळगावला असा वा चेन्नईला. पाणी व जमीन यांचा प्रश्न आपल्या दारातही आहेच.

१. दोन क्रियापदे

उत्पत्ती २:१५ मध्ये देवाने मनुष्याला बागेत ठेवले आणि त्याला दोन कामे दिली. मूळ इब्री भाषेत ही दोन कामे दोन क्रियापदांनी सांगितली आहेत. पहिले ‘आबाद’. (मराठीत फारसीतून आलेल्या ‘आबाद’शी त्याचा काही संबंध नाही.) याचा अर्थ कष्ट करणे, जमीन कसणे, आणि सेवा करणेही. दुसरे ‘शामार’. याचा अर्थ राखणे, जपणे, लक्ष ठेवणे, पाळणे. मराठी भाषांतरकारांना या दोहोंसाठी फार दूर शोधावे लागत नाही. ‘मशागत’ आणि ‘राखण’ हे आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द येथे चपखल बसतात.

या दोन शब्दांची जोडी पुढे एका वेगळ्याच ठिकाणी भेटते. गणना ३:७-८ मध्ये लेव्यांनी निवासमंडपाची सेवा कशी करावी हे सांगताना हीच दोन क्रियापदे एकत्र येतात. बागेतील माळी आणि पवित्रस्थानातील सेवक यांच्या कामासाठी शास्त्र एकच भाषा वापरते. बागेत काम करणे हे दुय्यम, आणि मंडपात सेवा करणे तेवढे पवित्र, असा भेद मूळ भाषेने ठेवलेला नाही.

‘राखण’ या शब्दाकडे अधिक बारकाईने पाहावे. पीक तयार होऊ लागले की शेतकरी माळ्यावर बसून, गोफण हाती घेऊन राखण करतो. राखण करणारा पुष्कळदा मालक नसतो. तो रात्री जागा राहतो, आणि सकाळी मालकाला हिशेब देतो. स्तोत्र १२१ मध्ये ‘शामार’ हे क्रियापद सहा वेळा आले आहे, आणि तेथे राखण करणारा स्वतः देव आहे. गणना ६:२४ मधील याजकीय आशीर्वादातही हाच शब्द आहे. उपासनेच्या अखेरीस देवाने आपले रक्षण करावे असा आशीर्वाद आपण नतमस्तक होऊन घेतो. देव आपल्यासाठी जे करतो, तेच त्याने आपल्याला भूमीसाठी करावयास सांगितले आहे.

आता चौथ्या अध्यायाकडे वळू. काइनाचा व्यवसाय सांगताना (४:२) मूळ भाषेत पुन्हा ‘आबाद’ येते. तो भूमीची मशागत करणारा होता. आणि हाबेलाच्या खुनानंतर देवाने त्याला त्याच्या भावाविषयी विचारले, तेव्हा त्याने देवालाच उलट प्रश्न केला. त्या प्रश्नातला शब्द आहे ‘शामार’. भावाला राखणे हे आपले काम आहे काय, असे तो विचारतो. बागेत दिलेल्या दोन कामांपैकी मशागत त्याने स्वीकारली होती. राखण मात्र आपली नव्हे, असे तो म्हणतो.

त्याला मिळालेले उत्तर लक्षात घ्यावे. भावाचे रक्त भूमीतून ओरडते, आणि यापुढे भूमीची मशागत केली तरी ती आपले सत्त्व देणार नाही (४:१०-१२). ज्याने राखण नाकारली, त्याची मशागतही निष्फळ झाली. भावाचा प्रश्न आणि भूमीचा प्रश्न शास्त्राने एकाच शब्दाने बांधला आहे. या पाठाचा सारा भर एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

२. ‘सत्ता’ या शब्दाविषयी

येथे कोणी म्हणेल, उत्पत्ती १:२८ मध्ये मनुष्याला पृथ्वीवर सत्ता दिली आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे. तेथील इब्री शब्द कठोर आहेत, आणि भाषांतरात त्यांची धार बोथट करून चालणार नाही. परंतु शास्त्राचा अर्थ शास्त्रातच शोधावा हा आपला जुना नियम आहे. सत्ता चालविणे या अर्थाचे तेथील क्रियापद ‘रादा’ हे यहेज्केल ३४:४ मध्ये पुन्हा येते. तेथे संदेष्टा इस्राएलाच्या मेंढपाळांना, म्हणजे राज्यकर्त्यांना, बजावतो की दुर्बळांना बळ न देता, हरवलेल्यांना न शोधता तुम्ही जबरदस्तीने सत्ता चालविली. लेवीय २५:४३ मध्येही चाकरावर कठोरपणे सत्ता चालवू नये म्हणून हाच शब्द वापरून ताकीद दिली आहे. सत्ता दिली आहे हे खरे; पण ती मेंढपाळाची सत्ता आहे, आणि तिचा हिशेब द्यावयाचा आहे.

त्याच अध्यायात थोडे पुढे (३४:१८-१९) संदेष्टा धष्टपुष्ट मेंढरांना दोष देतो. तुम्ही स्वच्छ पाणी प्यालात ते ठीक. पण उरलेले पाणी पायांनी गढूळ का केलेत, आणि दुबळ्या मेंढरांनी ते का प्यावे, असा त्या बोलण्याचा भावार्थ आहे. पाणी पिण्याला येथे दोष दिलेला नाही. दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी बिघडविण्याला दिला आहे. हे वचन मनात ठेवून आता आपण वसईकडे जाऊ.

३. जमिनीखालचे गोडे पाणी

मुंबईच्या उत्तरेला वसई आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. १५३४ पासून १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर तो संपला, पण त्या काळात रुजलेला ख्रिस्ती समाज आजही येथे नांदतो, आणि मराठी व तिच्या स्थानिक बोली बोलतो. लोहमार्गाच्या पश्चिमेस समुद्रापर्यंत वाड्या पसरलेल्या होत्या. वाडी म्हणजे केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले यांची बागायत. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीचे पाणी गोडे. त्यावर रहाट चालत, आणि पुढे पंप बसले.

समुद्राशेजारी गोडे पाणी कसे राहते, हे समजून घेणे या पाठाला आवश्यक आहे. पावसाचे पाणी वाळूमिश्रित जमिनीत मुरते. जमिनीखाली समुद्राचे खारे पाणीही आत शिरलेले असते. गोडे पाणी हलके आणि खारे जड; एक लिटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम. म्हणून गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील बेडन-घायबेन आणि त्यानंतर जर्मनीतील हर्झबर्ग यांनी त्याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी असते.

हेच गणित उलटेही चालते. उपसा करून वरची पातळी १ फुटाने खाली आणली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर सरकू शकते. प्रत्यक्ष जमिनीत खडक, चिकणमाती यांमुळे हे आकडे कमीजास्त होतात, परंतु तत्त्व तेच राहते. खोल कूपनलिकेतून जोराने उपसा केला की तिच्या खाली खारे पाणी शंकूसारखे वर चढते. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी होण्यास बरीच वर्षे लागू शकतात.

वाचकहो, यातील नैतिक बाजू पाहा. जमिनीला कुंपण घालता येते, सातबाऱ्यावर नाव लावता येते. जमिनीखालच्या गोड्या पाण्याला मात्र कुंपण नाही. मी माझ्या विहिरीतून उपसलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीखालूनही येते. मी माझे पाणी विकले असे म्हणतो, तेव्हा मी त्याचेही विकलेले असते. त्याच्या केळी पिवळ्या पडतात, आणि का पडल्या हे त्याला पुष्कळदा कळतही नाही. काइनाचा प्रश्न येथे निराळ्या रूपाने उभा राहतो.

वसईच्या पूर्वजांना घायबेनचे गणित ठाऊक नव्हते, पण जमिनीची रीत ठाऊक होती. त्यांनी वाड्यांमध्ये ‘बावखले’ राखली होती. ‘बाव’ म्हणजे विहीर. बावखल म्हणजे वाडीतले उघडे, पायऱ्या नसलेले तळे. पावसाळ्यात ते भरे, आजूबाजूच्या विहिरींना झिरपून पाणी देई, आणि उन्हाळ्यात शिंपण्यासही उपयोगी पडे. घरोघरी नळ आल्यावर ही बावखले निरुपयोगी वाटू लागली. काहींत कचरा पडला, काही बुजवून त्यांवर बांधकामे झाली. उत्पत्ती २६:१५ मध्ये पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या विहिरी मातीने बुजविल्याचे आपण वाचतो आणि त्यांना नावे ठेवतो. ते परके होते. आपल्या आजोबांनी खणलेले पाणी आपणच बुजवावे, हे अधिक विचार करण्याजोगे आहे.

४. तहानलेल्याला पाणी आणि पाण्याचा व्यापार

१९८० च्या दशकात मुंबईची घरे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, आणि वसई, नालासोपारा, विरार येथे इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. इमारती आधी आल्या, पाणी मागाहून. मधली पोकळी टँकरने भरून काढली, आणि टँकर भरले गेले ते पश्चिम पट्ट्यातील वाड्यांच्या विहिरींतून. पाण्याची पातळी उतरू लागली. या स्थितीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. पुढे ‘सुबोध बायबल’ या भाषांतरामुळे सर्व महाराष्ट्राला परिचित झालेले आणि २५ जुलै २०२४ रोजी निवर्तलेले हेच ते धर्मगुरू. त्या चळवळीत ख्रिस्ती होते तसेच अन्य धर्मीयही होते. १९९० साली नियोजनाचे काम सिडकोकडे गेले, आणि ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. उसगाव, पेल्हार आणि सूर्या येथील धरणांचे पाणी शहराला मिळू लागले. तथापि टँकर रस्त्यांवरून नाहीसे झालेले नाहीत.

येथे एक कठीण प्रश्न आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इमारतीत राहावयास आलेला माणूस हा शत्रू नव्हे. तोही मुंबईच्या चाळीतून वा दूरच्या खेड्यातून निवाऱ्याच्या शोधात आलेला, आणि कर्ज काढून दोन खोल्या घेतलेला आहे. त्याला तहान आहे. तहानलेल्याला प्यालाभर पाणी देण्याविषयी प्रभू येशूने काय सांगितले (मत्तय १०:४२), ते आपणांस पाठ आहे. मग विहिरीचे पाणी त्याला देणे हे पाप कसे?

उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तहानलेल्याला पाणी देणे वेगळे, आणि त्याच्या तहानेवर धंदा उभारणे वेगळे. टँकरच्या दराने पाणी घेणारा गरीब नळाचे पाणी घेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे मोजतो, आणि विहीर खारी झाल्यावर त्याला व विहिरीच्या मालकाला, दोघांनाही पाणी उरत नाही. दुसरी गोष्ट मर्यादेची. अनुवाद २२:६-७ मध्ये एक छोटासा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. घेण्याला मनाई नाही. ज्यातून पुढेही मिळत राहील ते मूळ संपवू नये, एवढाच दंडक आहे. विहिरीला हाच नियम लावावा. दर पावसाळ्यात जेवढे मुरते तेवढे वापरावे, वाटावे; त्यापलीकडचे पाणी आपल्या मुलाबाळांचे आहे.

इसहाकाच्या विहिरींची कथा (उत्पत्ती २६) या संदर्भात वाचण्यासारखी आहे. गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी विहीर खणली, तेथल्या गुराख्यांनी पाणी आमचे म्हणून भांडण काढले. त्याने विहिरीचे नाव ठेवले एसेक, म्हणजे भांडण. दुसरीचे नाव सितना, म्हणजे वैर. तिसरीवर तंटा झाला नाही, तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. इसहाक भांडणापासून दूर सरकत गेला आणि शेवटी जागा मिळाली. किनाऱ्यावरच्या माणसाला हा मार्ग मोकळा नाही. त्याच्या पुढे समुद्र आहे. रहोबोथ त्याला दुसरीकडे सापडणार नाही. आहे त्याच ठिकाणी, आहेत त्याच शेजाऱ्यांसह, ते घडवावे लागेल.

५. समुद्राची मेर

पाण्यानंतर वाळूकडे पाहू. यिर्मया ५:२२ मध्ये संदेष्टा सांगतो की देवाने समुद्राला वाळूची मर्यादा घातली आहे. लाटा उसळल्या तरी ती त्यांना ओलांडता येत नाही. हे काव्य आहे, पण निरीक्षण अचूक आहे. किनाऱ्यावरील वाळूची टेकाडे भरतीचा जोर अंगावर घेतात. वादळात त्यांची वाळू झिजते, शांत ऋतूत लाटा ती परत आणतात. वाळू उपसून नेली, अथवा टेकाड सपाट करून त्यावर भिंत बांधली, तर ही देवघेव मोडते. भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते आणि धूप शेजारच्या भागाकडे सरकते. वसईच्या पट्ट्यात अर्नाळा व कळंब येथील लोकांना किनारा खचण्याचा अनुभव नवा नाही.

खाडीच्या बाजूस हेच काम कांदळवने करतात. तिवर, चिप्पी, कांदळ ही झाडे चिखलात मुळे रोवून गाळ धरतात, आणि त्यांच्या मुळांत कोळंबी, खेकडे व माशांची पिले वाढतात. कोळी बांधवांची जाळी पुढे भरतात ती या चिखलाच्या जोरावर. मिठागरे व दलदलीच्या सखल जमिनी पावसाचे आणि भरतीचे पाणी काही तास पोटात साठवतात. अशा जागा राडारोडा टाकून भरल्या की ते पाणी जाणार कोठे? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर जलमय झाला, नालासोपाऱ्याजवळ रेल्वे ठप्प झाली, आणि वसईच्या मिठागर वस्तीत लोक अडकून पडले. अतिवृष्टी हे कारण होतेच. पण पाणी जेथे विसावत असे, त्या जागा आपण त्याच्यासाठी किती ठेवल्या आहेत, हे विचारणे आपल्या हाती आहे.

देशाच्या कायद्याने या बाबतीत काही रेषा आखल्या आहेत, आणि किनाऱ्यावरील प्रत्येक रहिवाशाला त्या माहीत असाव्यात. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिने नियमनाखाली आणला. २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या. ग्रामीण किनाऱ्यावर पूर्वी भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ती ५० मीटरवर आणली. कांदळवनांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी सविस्तर निकाल देऊन त्यांची तोड व त्यांभोवतीच्या ५० मीटरमधील बांधकाम यांस प्रतिबंध केला. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला आहे.

यातून काय घ्यावे? कायद्याची रेषा सरकू शकते. ती २०० वरून ५० वर आली. समुद्राने मात्र आपली रेषा कोणत्याही अधिसूचनेप्रमाणे मागे घेतलेली नाही. पूर्वजांनी घातलेली मेर सरकवू नये, असे नीतिसूत्रे २२:२८ सांगते. कायद्याने मुभा दिली म्हणून वाळूच्या टेकाडावर घर बांधावेच असे नाही. अनुवाद २२:८ मध्ये नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येऊ नये म्हणून. आपले घर दुसऱ्याच्या जिवाला अपाय करणारे नसावे, हा तिचा गाभा आहे. माझ्या इमारतीच्या भरावामुळे खालच्या वस्तीत कमरेएवढे पाणी शिरत असेल, तर माझ्या घराला कठडा नाही.

६. मंडळीने काय करावे

अभ्यासाचे फळ आचरणात दिसावे. पुढील गोष्टी कोणत्याही मंडळीला करता येतील.

पहिली गोष्ट, छपराचा हिशेब मांडा. उत्तर कोकणात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरू. १००० चौरस फुटांच्या छपरावर तेवढ्या पावसात सुमारे १ लाख ८६ हजार लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता दीड लाख लिटर हाती येईल. म्हणजे १० हजार लिटरचे १५ टँकर. माणशी दररोज १३५ लिटर या सरकारी मापाने पाच जणांच्या कुटुंबाला ते सात महिन्यांहून अधिक पुरेल. हेच छप्पर सात मजल्यांवर असेल, तर प्रत्येक मजल्याच्या वाट्याला जेमतेम महिनाभराचे पाणी येईल. किती माणसांचा भार ही जमीन पेलू शकते, हे या साध्या गणितावरून ध्यानी येते. चर्च, शाळा, सभागृह यांची छपरे मोठी असतात. त्यांचे पाणी पहिला पाऊस वाहून जाऊ दिल्यावर गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. आपल्या गृहसंस्थेत ही योजना कागदावर असेल, तर ती प्रत्यक्षात चालते का, ते सचिवांना विचारावे.

दुसरी गोष्ट, अंगण उघडे ठेवा. चर्चचे आवार शोभेसाठी संपूर्ण फरशीने झाकले जाते. पाणी मुरण्याची जागा त्याबरोबर बंद होते. वाहने उभी करण्यापुरती जागा बांधावी, बाकीची मातीची असू द्यावी. आवारात जुनी विहीर वा बावखल असेल तर ते साफ करून सांभाळावे.

तिसरी गोष्ट, विहिरींची नोंद ठेवा. तरुणांच्या मंडळाने वस्तीतील दहा विहिरी निवडून दर महिन्याला पाण्याची पातळी दोरीने मोजावी, क्षारांचे प्रमाण मोजणारे लहान यंत्र आणून तेही लिहावे. पाच वर्षांची अशी वही पालिकेपुढे किंवा न्यायालयापुढे ठेवली, तर तिचे वजन दहा भाषणांहून अधिक असते. अशी वही हीच आपली गोफण.

चौथी गोष्ट, आपल्या सणसमारंभांकडे पाहा. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटवाट्या व अनेक प्लास्टिक वस्तूंवर मार्च २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. लग्नाच्या जेवणावळी, नाताळची आरास, कबरस्तानातील प्लास्टिकची फुले यांत ही बंदी पाळली जाते काय? मंडळीने स्टीलची ताटे विकत घेऊन सर्वांना वापरण्यास द्यावीत. नाल्यात पडलेली पिशवी भरतीबरोबर किनाऱ्यावर परत येते, हे किनाऱ्यावरील माणसाला सांगावयास नको.

पाचवी गोष्ट, शेजाऱ्यांना सोबत घ्या. मुंबईत वर्सोवा येथे ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी आपल्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह किनाऱ्यावरील कचरा उचलण्यास आरंभ केला. दोन माणसांचे काम पुढे शेकडोंचे झाले, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांचा गौरव केला. हे काम ख्रिस्ती मंडळीने सुरू केले नव्हते, आणि तसे असावे अशी अपेक्षाही नाही. चांगल्या कामात दुसऱ्याच्या मागे चालण्यास आपल्याला कमीपणा वाटू नये.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड आहे, ती जमीन विकण्याची. वाडी परवडत नाही, मुले नोकरीला गेली, आजारपणाचा खर्च आला, म्हणून जमीन विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. नाबोथाने वडिलोपार्जित मळा राजाला नाकारला (१ राजे २१), त्याचे आपण कौतुक करतो, पण नाबोथाच्या शेजाऱ्यांपैकी कोणी त्याच्या बाजूने उभे राहिले नाही, हे विसरतो. ज्या कुटुंबाने वाडी राखावी असे मंडळीला वाटते, त्या कुटुंबाचा माल मंडळीने विकत घ्यावा, त्याच्या अडचणीला पतपेढीने हात द्यावा. त्याच्या पडत्या काळात दूर राहून, विक्रीनंतर मात्र हिरवळ गेल्याचे दुःख करणे योग्य नव्हे.

समारोप

नव्या करारात ‘कारभारी’ या अर्थाने आलेल्या ग्रीक शब्दात ‘घर’ हा शब्द दडलेला आहे. कारभारी म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा, पण घराचा धनी नसलेला. कारभाऱ्याच्या ठायी काय पाहावयाचे? तो विश्वासू असावा, असे पौल १ करिंथ ४:२ मध्ये सांगतो. तो श्रीमंत असावा किंवा यशस्वी असावा, असे तेथे म्हटलेले नाही. लेवीय २५:२३ प्रमाणे भूमी परमेश्वराची आहे, आणि आपण तिच्यावर उपरे म्हणून राहतो. किनाऱ्यावर चार पिढ्यांपासून राहणारा वाडीवाला आणि गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावर राहावयास आलेला भाडेकरू, हे दोघेही या अर्थाने उपरेच आहेत. दोघांच्या पायाखाली एकच गोडे पाणी आहे, आणि त्याची राखण दोघांकडे एकत्र सोपविलेली आहे.

मननासाठी प्रश्न

१. उत्पत्ती २:१५ आणि ४:९ एकापाठोपाठ वाचा. आपल्या जीवनात मशागत आहे पण राखण नाही, अशी एखादी जागा आहे काय?

२. आपल्या घरी येणारे पाणी कोठून येते? ते आपल्याकडे आल्यामुळे कोणाचे पाणी कमी होते?

३. आपल्या मंडळीच्या मालकीची जमीन, विहीर, तळे किंवा किनारा कोणता? गेल्या वीस वर्षांत त्यात काय बदल झाला? वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.

४. यहेज्केल ३४:१८ मधील धष्टपुष्ट मेंढरे आज कोण? उत्तर देताना आधी स्वतःच्या घराचा विचार करा.

५. वरील सहा गोष्टींपैकी कोणती एक गोष्ट येत्या पावसाळ्यापूर्वी आपली मंडळी करू शकेल? तिची जबाबदारी कोण घेईल, आणि हिशेब कोणाला देईल?

प्रार्थनेचा विषय : किनाऱ्यावरील वाडीवाले, कोळी, मिठागरातील कामकरी आणि इमारतींतील रहिवासी यांच्यासाठी, आणि आपण भावाचे व भूमीचे राखणदार म्हणून विश्वासू ठरावे यासाठी.